डावा कोपरा

येरमाळ्याच्या आमच्या शाळेत बनसोडे सर खेळाचे शिक्षक होते आणि मी विज्ञान शिकवायचे. जूनमध्ये नवी पोरं आली की सर त्यांना आधी पडायला शिकवायचे. कबड्डी नाही, खो-खो नाही, नुसतं पडणं. खांद्यावर कसं पडायचं, मान कशी आत घ्यायची, हात कुठं ठेवायचे. पोरं कंटाळायची, पालक हसायचे. सर म्हणायचे, "उभं राहायला समदेच शिकवतेत. पडलेलं पोरगं मोडू नये, एवढं माझं काम."

उंच, सडपातळ माणूस. गळ्यात शिट्टी कायम. लग्नाला आले तरी सदऱ्याच्या आत शिट्टी असायचीच. पांढरे कॅनव्हासचे बूट ते वर्गातल्या खडूनं घासून पांढरे करत आणि मुख्याध्यापकांनी खडूवरून टोकलं की ओळीत उभं केलेल्या पोरासारखी मान खाली घालून ऐकून घेत. स्टाफरूममध्ये ते कधी बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानं चहा प्यायचे, एक डोळा मैदानावर. बोलणं थोडं आणि मोठ्यानं. साधं "मॅडम, बस आली का?" विचारलं तरी दोन वर्गांना ऐकू जायचं.

मोबाइलला ते डबडं म्हणत. पालकांच्या सभेत एकदा उठून म्हणाले, "पोराच्या हातातलं डबडं काढून घ्या, मी त्याला माणूस करून देतो." पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा प्रतीक तेव्हा बाहेर कट्ट्यावर बसून तेच डबडं बघत होता.

प्रतीक सरांच्याच हाताखाली वाढलेला खेळाडू. संघात तो डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. चढाई करणारा आत आला की खाली झेपावून घोटा धरायचा, आणि एकदा धरलेला घोटा सुटत नसे. मग कळंबच्या एका सामन्यात त्याचा गुडघा फिरला. सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल-फिरेल, पण कबड्डी बंद. बारावीचं ते वर्ष तो पाय लांब करून घरात पडून होता, आणि त्याच वर्षी त्याला तो गेम सापडला.

गेम कसा, ते मला माझ्या मुलीनं, सईनं, नंतर सांगितलं. विमानातून एका बेटावर उड्या मारायच्या. रिकाम्या घरांतून हत्यारं गोळा करायची. भोवती एक निळं रिंगण असतं, ते आकसत जातं, त्याच्या आत राहायचं. चौघांचा एक संघ. शेवटी जो संघ जिवंत राहील तो जिंकला. आमच्याकडं सगळे त्याला बेटाचा गेमच म्हणत. प्रतीक त्यात भलताच तयार झाला. आजूबाजूच्या गावांतल्या तीन पोरांबरोबर त्यानं संघ केला होता. धाराशिवला एका मंगल कार्यालयात या गेमांची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा त्या चौघांनी नाव नोंदवलं.

पुढचं सगळं सरांनीच मला सांगितलं. स्टाफरूमच्या त्याच चौकटीला टेकून, पण हळू आवाजात. इतका हळू आवाज त्यांच्याकडं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रतीकनं परवानगी मागितली. सर म्हणाले, "बसून खेळत्यात तो खेळ नसतोय."

प्रतीक म्हणाला, "पप्पा, तिथं गुडघा लागत न्हाय."

"मॅडम, हे वाक्य मला आज ऐकू येतंय," सर म्हणाले. "तवा आलंच न्हाय. तवा मला वाटलं, पोरगं उलटून बोलतंय."

त्यांनी त्याच्या हातातला फोन घेतला, मागल्या अंगणात धुण्याच्या दगडावर ठेवला आणि घरातला वरवंटा आणून त्याच्यावर हाणला. प्रतीक बघत उभा राहिला. ओरडला नाही, रडला नाही. जेवायला बसला, ताट धुऊन ठेवलं, झोपला. सकाळी त्याच्या संघातली तिघं स्टँडवर त्याची वाट बघत होती. तो आला, त्यांना म्हणाला, तुम्ही जा. ती धाराशिवच्या बसमध्ये बसली. त्यानं उलट्या बाजूची बस धरली. बीडकडं जाणारी, एवढंच त्या पोरांना आठवत होतं.

पोलिसांत तक्रार झाली. मुलगा सज्ञान आहे, रागानं गेलाय, येईल, असं त्यांनी सांगितलं. सर बिनपगारी रजेवर गेले. बीड, जामखेड, नगर, पुणे. स्टँडवर उतरायचं, फोटो दाखवायचा, हॉटेलांच्या मागं भांडी घासणाऱ्या पोरांत बघायचं, पुढची बस धरायची. चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरली. सर देवाधर्मातले नव्हते. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. पण यात्रेच्या रिवाजाप्रमाणे चुनखडीचे खडे वेचायला माळावर लाखो माणसं वाकलेली असताना मी त्यांना त्या गर्दीत पाहिलं. प्रत्येक तरण्या पोराजवळ जाऊन स्वतः वाकून ते त्याचं तोंड बघत होते. काहींनी त्यांना ढकललंही.

मग एक दिवस संघातल्या एका पोरानं त्यांना सांगितलं, "सर, प्रतीकचा गेममधला आयडी चालू दिसतोय." सर त्याच संध्याकाळी आमच्या घरी आले. प्रथमच खुर्चीवर बसले.

"सई बाळा, फोन तर मी फोडला. मग हे चालू कसं?"

सई तेव्हा दहावीत होती. ती म्हणाली, "सर, फोन फुटला तरी आयडी फुटत नाही. दुसऱ्या कुठल्याही फोनवरून उघडता येतो." तिनं स्वतःच्या फोनवर नाव शोधलं. प्रतीकनं गेममध्ये घेतलेलं नाव होतं 'डावा कोपरा', आणि शेजारी हिरवा ठिपका होता.

"म्हंजी आत्ता, ह्या वक्ताला, तो हितं हाय?"

"खेळतोय कुणीतरी या आयडीवरून. हो."

सरांनी फोन दोन्ही हातांत धरला. त्या नावावर अंगठा फिरवला. म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात मीच उभा केला होता त्याला." आणि मग, माझ्याकडं न बघता, "मॅडम, सईच्या अभ्यासाचं नुकसान होत असंल तर न्हाय म्हणा. पण मला हे शिकायचंय."

रजा संपवून ते शाळेत रुजू झाले होते; रोज शाळा सुटल्यावर आमच्याकडं यायचे. हात मैदानाचे, बोटं जाड. एका अंगठ्यानं चालायचं आणि दुसऱ्यानं बघायचं, हे त्यांना जमता जमेना. त्यांचा माणूस भिंतीला तोंड लावून पळत राहायचा. सई हसली की तेही हसायचे. तेवढंच मी त्यांना त्या काळात हसताना पाहिलं. त्यांनी आपलं नाव ठेवलं 'पीटी सर', आणि त्या नावानं रोज 'डावा कोपरा'ला मैत्रीची विनंती पाठवली. एकदाही उत्तर आलं नाही. मग ते अनोळखी पोरांबरोबर बेटावर उतरू लागले. हत्यार उचलायचे नाहीत. माइक चालू करून, त्यांच्या त्या मैदानी आवाजात, घराघरातून हाका मारत फिरायचे, "प्रतीक बनसोडेला कुणी वळखतंय का? डावा कोपरा कुणाला म्हाईत हाय का?" पलीकडून पोरं खिदळायची. कुणी आईवरून शिवी द्यायचं. कुणी म्हणायचं, काका, गोळी घाला आधी. एकदा एक पोरगा नीट बोलू लागला. कुठला प्रतीक, किती वयाचा, असं विचारू लागला. सर उठून उभे राहिले, त्याला सगळं सांगू लागले. सांगत असतानाच त्यानं त्यांच्या माणसाच्या डोक्यात गोळी घातली.

सरांनी फोन सईच्या हातात दिला. "बोलता बोलता मारलं, मॅडम," एवढंच म्हणाले.

घरी शोभावहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, त्यांना गेमबिम काही कळत नसे. पण हिरवा ठिपका कळायचा. सरांनी नवा फोन घेतला होता, तो त्या स्वयंपाक करताना समोर डब्याला टेकवून ठेवायच्या. ठिपका दिसला की भाकरी थापता थापता म्हणायच्या, "जागा हाय. जेव रं बाबा." ठिपका गेला की म्हणायच्या, "निजला." मी एकदा गेले तर मलाही तो ठिपका त्यांनी दाखवला, तान्हं पोर दाखवावं तसा. सहा-सात महिने त्या घराचा श्वास त्या ठिपक्यावर चालला होता.

पुढच्या वर्षी धाराशिवला पुन्हा स्पर्धा झाली. सहभागी खेळाडूंची नावं आयोजकांनी फोनवर टाकली, त्यात सईला 'डावा कोपरा' दिसलं. आम्ही सरांना सांगितलं. त्यांनी कपाटातून प्रतीकचा धुतलेला शर्ट काढून पिशवीत घातला. वहिनींनी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या. वहिनी यायला निघाल्या होत्या, पण पायरीवरून परत फिरल्या. म्हणाल्या, "मला बघून रडंल, समद्यांफुडं. तुम्ही आणा. म्या हितंच हाय." आम्ही तिघं बसनं गेलो.

मंगल कार्यालयात आदल्या लग्नाच्या थर्माकोलच्या कमानी तशाच होत्या. जिथं नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर टेबलं लावून पोरं फोन घेऊन बसली होती, कानांवर हेडफोन. मागं भला मोठा पडदा. एका कोपऱ्यात टीव्हीवर मारामारीचा गेम चालू होता, दोन पोरं दात-ओठ खात बटणं दाबत होती. दुसऱ्या बाजूला फुटबॉलचा, गाड्यांच्या शर्यतीचा. पण गर्दी सगळी बेटाच्या गेमपुढं. माइकवरचा माणूस बैलगाड्यांच्या शर्यतीत ओरडावं तसा ओरडत होता. आणि पडद्यावर नाव आलं, डावा कोपरा.

स्टेजवरची पोरं आमच्याकडं पाठ करून बसलेली. त्यातली एक पाठ, बारीक, खांदे पुढं आलेले. सरांनी माझ्या हातात पिशवी दिली. मला वाटलं, आता धावत जातील. सई म्हणालीसुद्धा, "सर, जा ना."

"डाव चालू हाय," सर म्हणाले. "चालू डावात मैदानात शिरायचं नसतं."

डाव संपेपर्यंत ते स्टेजच्या पायऱ्यांशी उभे राहिले. हात पाठीमागं बांधलेले. पडद्यावर 'डावा कोपरा' घरांच्या आडून पळत होता, मारत होता, वाचत होता. प्रत्येक गोळीला सरांची मान आत जायची. शेवटी तो संघ बाद झाला. ती बारीक पाठ उठली, हेडफोन काढले, वळली.

तो प्रतीक नव्हता.

तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीचा पोरगा होता, महांतेश नावाचा. सरांनी त्याच्या दंडाला धरलं होतं, ते सोडायचं त्यांना सुचेना. तो घाबरला. "काय झालं काका? म्या काय केलं?"

"हे नाव. हे नाव तुझं कसं?"

"इकत घेतलाय आयडी. लई वरचा होता, म्हणून घेतला. गेल्या साली, उन्हाळ्याच्या तोंडाला. फोनवरच बोलणं झालं एका पोराशी."

"काय बोलला?"

"काय न्हाय. म्हणला, आता मला खेळायचं न्हाय. मागं गाड्यांचा आवाज होता, मोठ्या गाड्यांचा. हायवेला असल्यावानी. तो नंबर बंद हाय, काका. पासवर्ड चालंना म्हणून म्याच नंतर लावला होता." मग त्यानं सरांकडं नीट बघितलं. "तुम्ही 'पीटी सर' का? रोज रिक्वेस्ट यायची. मला वाटलं कुणीतरी येडं हाय. एकदाबी घेतली न्हाय म्या." आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो खाली वाकून सरांच्या पाया पडला. सर त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, पण त्यांचं लक्ष कुठं होतं, कुणास ठाऊक.

परतीच्या बसमध्ये येडशी मागं पडल्यावर त्यांनी माझ्याकडून पिशवी परत घेतली. मग म्हणाले, "मॅडम, घरी हिला काय सांगू? ती रोज त्या ठिपक्याला जेव म्हणती."

वहिनी दारातच होत्या. त्यांनी आमच्या मागं बघितलं, रस्त्याच्या वळणापर्यंत. सरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वहिनी भिंतीला धरून खाली बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मग इतके दिस आपण कुणाला जेवायला म्हणत होतो?" पुन्हा थांबून, "आसू द्या. त्यालाबी आई आसंल." आणि मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

मला वाटलं, आता सर संपले. शाळेत ते मैदानाच्या कडेला बसू लागले. नव्या पोरांना पडायला शिकवायचं राहून गेलं. पोरंच विचारायची, सर, कबड्डी घ्यायची का, तर मान हलवायचे. बूट मळके.

असे काही महिने गेले. एक दिवस ते चौकटीशी आले आणि म्हणाले, "मॅडम, ती स्पर्धा लाइव्ह दाखवत्यात ना? फोनवर?"

"दाखवतात."

"कुठूनबी दिसती?"

"कुठूनही."

"गाडीवर असंल, ढाब्यावर असंल, एवढा जीव लावला होता त्या गेमवर. कधीतरी उघडून बघत असंलच. मी त्याला बघू शकत न्हाय. तो मला बघंल."

ते थेट प्रतीकच्या संघातल्या तिघांकडं गेले. त्यातला एक, विशाल, मला नंतर भेटला तेव्हा त्यानं सांगितलं. सर म्हणाले, "तुमच्यात एक कमी हाय. मला घ्या." विशाल म्हणाला, "सर, तो तुमच्यामुळंच गेला."

"व्हय," सर म्हणाले. "म्हणूनच."

वर्षभर ते त्यांच्याबरोबर बसले. ह्यावेळी हत्यार उचलायला शिकले. नेम कधीच धड जमला नाही, पण कुठं उभं राहायचं ते त्यांना कळायचं. रिंगण कुठं आकसणार, शत्रू कुठल्या बाजूनं आत शिरणार, कुणी मागं राहायचं. कबड्डीतली साखळी धरतात तशी ते पोरांना धरायला लावायचे. "सुटू नका, सुटू नका," असं माइकवर ओरडायचे. विशाल म्हणाला, पहिल्यांदा आम्ही त्यांना कीव करून घेतलं होतं, नंतर ते नसले की हरायचो.

वहिनींनी त्यांना एकच अट घातली होती. स्टेजवरून प्रतीकचं नाव घ्यायचं नाही, हात जोडायचे नाहीत. पोराची अब्रू जाईल असं काही बोलायचं नाही. सरांनी कबूल केलं.

पुढचं काय झालं ते आधीच सांगते. प्रतीकचा पत्ता आजवर लागलेला नाही. सर ज्या स्पर्धेत उतरले तिच्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघं येरमाळा सोडून गेले. कुणी म्हणतं पुण्याच्या बाजूला, हायवेलगत खोली घेतली आहे. विशालचे त्यांना केलेले फोन कधी लागतात, कधी लागत नाहीत. माझी बदली त्या स्पर्धेआधीच लातूरला झाली होती. म्हणून त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सईच्या फोनवर, दुपारी, जेवणाचं ताट बाजूला सारून.

सर धाराशिवच्या त्या स्टेजवर पोरांच्या ओळीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पिकल्या केसांवर हेडफोन. माइकवाला त्यांची गंमत करत होता, "आणि हे आपले पीटी सर, वय विचारू नका!" पडद्याच्या कडेनं बघणाऱ्यांचे शेरे भराभर वर सरकत होते, हसणारी तोंडं, हृदयं. सर कुठंच बघत नव्हते. भुवया आवळून खेळत होते. त्यांचे तिघे साथीदार एकेक करून पडले. सर उरले. एका पडक्या भिंतीआड त्यांचा माणूस बसून होता आणि निळं रिंगण जवळ येत होतं. सईनं माझा हात धरला. मग भिंतीपलीकडून कुणीतरी आलं आणि सरांचा माणूस जमिनीवर कोसळला.

बाद झालेल्याचा चेहरा ते थोडा वेळ मोठा करून दाखवतात. सरांचा चेहरा पडदाभर आला. घामेजलेला, किती म्हातारा झालेला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. हात जोडले नाहीत. नाव घेतलं नाही.

"बरा खेळलो का रे?" त्यांनी विचारलं.

माइकवाल्याला वाटलं, आपल्यालाच विचारलं. "एक नंबर, सर! एक नंबर!" तो ओरडला. सरांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. कॅमेऱ्यावरची नजर न हलवता, मान किंचित पुढं काढून, ते उत्तराची वाट बघत बसून राहिले. कुणीतरी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तरी उठले नाहीत. आणि मग पडद्यावर मारामारीचा गेम सुरू झाला.